महागडी लॅन केबल किंवा एसएसडी घेतल्याने गाणं जास्त चांगलं ऐकू येतं का?

नाही. फाइल हार्ड डिस्कवरून आली काय किंवा एसएसडीवरून, बिट तेच. दोन्हीकडच्या फाइलचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेली ओळख-खूण) काढून बघा, एका अक्षराचा फरक निघणार नाही. नेटवर्कवर पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं तर टीसीपी, म्हणजे डेटा नीट पोचवण्याची नेटवर्कची पद्धत, ते पुन्हा मागवतं. डेटा आधी बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतो आणि तिथून डॅक, म्हणजे डिजिटल डेटाचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, आपल्या क्लॉकच्या तालावर आवाजाचे नमुने वाजवतो, सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१००. नेटवर्क कमी पडलं तर गाणं अडखळतं, किंवा स्ट्रीमिंग अ‍ॅप बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) उतरवतं. पण बास ‘मऊ’ होत नाही.

खरा त्रास एकच बघितलाय: कॉम्प्युटरमधला विजेचा गोंगाट यूएसबीच्या तारेतून डॅकमध्ये शिरतो. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक किरकिर येते. तसं होत असेल तर यूएसबी आयसोलेटर (तारेतून येणारा हा गोंगाट अडवणारं उपकरण) लावा. नसेल, तर ते पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवा.