स्पॅनिशनंतर पोर्तुगीज की फ्रेंच? एका पालकांच्या पत्राला उत्तर

स. न. वि. वि.

आपली कन्या औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिची स्पॅनिशची 'बी १' (म्हणजे मध्यम) पातळी पूर्ण झाली आहे आणि आता तिला पोर्तुगीज शिकायची आहे. सुमारे एक कोटी वस्तीच्या देशाची भाषा शिकून काय साधणार, त्यापेक्षा अनेक देशांत चालणारी फ्रेंच घ्यावी, असे आपले मत आहे. दोघांपैकी कोणाचे बरोबर, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निवड मुलीची योग्य आहे. मात्र 'पोर्तुगीज चार खंडांत बोलली जाते' हे तिचे कारण मला पुरेसे वाटत नाही.

आधी आपली शंका घेतो. पोर्तुगीज आता मुख्यतः ब्राझीलची भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझीलची लोकसंख्या २० कोटी ३० लाखांच्या घरात आहे, म्हणजे पोर्तुगालमधील एका माणसामागे ब्राझीलमध्ये जवळपास वीस माणसे आहेत. १४९४ च्या तोर्देसिल्यास करारात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिकमधून एक रेषा आखून नव्याने सापडणारे प्रदेश आपसांत वाटून घेतले, आणि रेषेच्या पूर्वेचा भाग पोर्तुगालकडे गेला. म्हणूनच बहुतांशी स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये हा एवढा मोठा पोर्तुगीजभाषक देश उभा राहिला. गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना वगळता दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्वत्र यांपैकी एक भाषा चालते. स्पॅनिश येणाऱ्या मुलीने दुसरी भाषा म्हणून पोर्तुगीज निवडणे यासाठीच शहाणपणाचे आहे.

आता मुलीच्या कारणाकडे वळतो. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे आणि प्रिन्सिप, पूर्व तिमोर या सर्व देशांत पोर्तुगीज अधिकृत भाषा आहे. पण अधिकृत असणे आणि घरात बोलली जाणे यांत फार अंतर असते, आणि नोकरीचा विचार करताना हेच अंतर मोजावे लागते. अंगोलाच्या २०१४ च्या जनगणनेत सुमारे ७१ टक्के लोकांनी घरात पोर्तुगीज बोलत असल्याचे नोंदवले. १९७५ ते २००२ या काळातील यादवी युद्धामुळे निरनिराळ्या भाषांचे लोक राजधानी लुआंडात एकत्र आले, आणि त्यांना आपसांत बोलायला हीच भाषा उरली, हे त्यामागचे एक मोठे कारण. मोझांबिकमध्ये मात्र २०१७ च्या जनगणनेनुसार साधारण सहापैकी एकाचीच ती मातृभाषा आहे. केप व्हर्दे आणि गिनी-बिसाऊ येथे रोजचे बोलणे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिश्रणातून घडलेल्या क्रिओल बोलींत चालते. पूर्व तिमोरमध्ये ती तेतुम या स्थानिक भाषेच्या जोडीने अधिकृत आहे, तर १९९९ मध्ये चीनकडे गेलेल्या मकाऊमध्ये ती पाट्यांवर आणि कायद्यात दिसते, कानावर क्वचितच पडते. (आपल्या रायगड जिल्ह्यातील कोरलई गावची पोर्तुगीज क्रिओल बोलीही याच इतिहासाचा अवशेष आहे. अभ्यासकाला ती मोलाची वाटेल, परंतु नोकरीच्या हिशेबात धरता येणार नाही.)

फ्रेंचलाही हाच निकष लावून पाहावा. कांगोसारख्या मोठ्या आफ्रिकी देशात फ्रेंच ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे, घरात लिंगाला, स्वाहिली अशा भाषा बोलल्या जातात. आणि मालीने तर २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचचा अधिकृत दर्जाच काढून घेतला. तरीही आपले मत सर्वस्वी चुकीचे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत फ्रेंच आणि स्पॅनिश आहेत, पोर्तुगीज नाही. मुलीचा ओढा आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांकडे असेल, किंवा पुढे तिला कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात स्थायिक व्हायचे असेल, तर फ्रेंचच घ्यावी. तसे काही तिच्या मनात असल्याचे आपल्या पत्रावरून दिसत नाही. इटालियन आणि रोमानियन यांचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. त्या प्रामुख्याने आपापल्या देशांच्या आणि लगतच्या प्रदेशांच्या भाषा आहेत (इटालियन स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात, रोमानियन मोल्दोव्हात), आणि तेथे राहायला जायचे नसेल तर औषधक्षेत्रातील उमेदवाराने त्यांत वर्षे घालवू नयेत.

औषधक्षेत्रात भाषेचे खरे काम नोंदणीच्या कागदपत्रांत असते. ब्राझीलमध्ये औषध विकायचे तर १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'आन्व्हिसा' या नियामक संस्थेची परवानगी लागते, आणि वेष्टनावरील मजकूर व माहितीपत्रक पोर्तुगीजमध्येच द्यावे लागते. अशा कामासाठी केवळ भाषांतरकार पुरत नाही. मात्रा, दुष्परिणाम, साठवणूक यांचा अर्थ कळणारा माणूस लागतो. आपल्या मुलीची पदवी आणि भाषा येथे एकमेकींच्या उपयोगी पडतील.

स्पॅनिश येत असल्याने पोर्तुगीज वाचणे तिला काही आठवड्यांतच जमू लागेल, आणि धोकाही तेथेच आहे, कारण अशा विद्यार्थ्यांना अर्थ समजला असे लवकर वाटते. स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे गरोदर. पोर्तुगीजमध्ये जवळजवळ त्याच शब्दाचा अर्थ ओशाळलेली असा होतो, आणि गरोदर स्त्रीला 'ग्राविदा' म्हणतात. औषधाच्या माहितीपत्रकात अशी गफलत किती महागात पडेल, हे तिला सांगण्याची गरज नाही. ऐकण्याचा सराव तर वेगळाच करावा लागेल. पोर्तुगालमधील उच्चारांत स्वर इतके गिळले जातात की शिकाऊ माणसाला शब्द कोठे संपला तेच कळत नाही. ब्राझीलचे उच्चार त्या मानाने मोकळे आहेत.

म्हणून वर्ग लावण्यापूर्वी तेथे कोणती पोर्तुगीज शिकवतात, याची चौकशी करावी. ब्राझील हे लक्ष्य असेल तर 'सेल्पे-ब्रास' ही ब्राझील सरकारची परीक्षा द्यावी; तीत प्रत्येक पातळीची निराळी प्रश्नपत्रिका नसते, एकाच परीक्षेतील कामगिरीवरून पातळी ठरते. पोर्तुगालमध्ये शिकायला जायचे असेल तर लिस्बन विद्यापीठाच्या 'काप्ले' केंद्राच्या पातळीनिहाय परीक्षा आहेत.

शुल्क भरण्याआधी मुलीकडून एक काम करून घ्यावे. औषधाच्या माहितीपत्रकाला ब्राझीलमध्ये 'बुला' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'फोल्येतु इन्फॉर्मातिव्हु'. आन्व्हिसाच्या संकेतस्थळावर बुला पाहता येतात, आणि तेथे रुग्णासाठी एक व आरोग्य व्यावसायिकांसाठी दुसरी अशा दोन आवृत्त्या असतात. तिच्या अभ्यासक्रमातील परिचित औषधांपैकी पाचांच्या दोन्ही आवृत्त्या तिने शब्दकोश घेऊन महिनाभरात वाचाव्यात. ते वाचन तिला कंटाळवाणे वाटले, तर आपण मला पुन्हा लिहावे. मग फ्रेंचचा विचार नव्याने करू.