पिस्टन आधी की बोअर आधी?

प्रश्न : माझ्या मामांनी फार वर्षांपूर्वी मुंबईत, एका वकिलातीने काढून टाकलेल्या गाड्यांमधून १९७० ची शेव्हरोले कमॅरो घेतली होती. गेली अकरा वर्षे ती गुहागरला आमच्या आगरातील शेडमध्ये उभी आहे. यंदा इंजिनाचे पूर्ण काम करायचे ठरवले आणि हेड उतरवले, तेव्हा दोन सिलिंडरांत पिस्टन थांबले होते त्या जागी गंजाचे वळे दिसले. वेलदूरला लाँचची इंजिने दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री म्हणतात, ‘चाळीस थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन मागवा, काम होईल.’ अमेरिकेतील भाच्याचे मत असे की घ्यायचे तर फोर्ज्डच, म्हणजे दाबून घडवलेलेच, घ्यावेत. तो गणपतीला घरी येणार असून येताना पिस्टन आणण्याची त्याची तयारी आहे. इंजिन ३५० घनइंचाचे, व्ही-आठ आहे, असे मामा सांगत. भाच्याला नेमके काय आणायला सांगावे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तूर्त भाच्याला एकही पिस्टन घ्यायला सांगू नका. आपण हेड उतरवल्याचे लिहिले आहे, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, मोजल्याचे लिहिलेले नाही, आणि बोअर मोजल्याशिवाय घेतलेले पिस्टन पुष्कळदा कपाटातच राहतात.

मामांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवायचा नाही, परंतु पन्नासहून अधिक वर्षांत अशा गाडीचे इंजिन एकदा तरी बदलले गेलेले असू शकते. ब्लॉकवरील ओतीव क्रमांक पाहावाच, मात्र त्यावर विसंबू नये, कारण शेव्हरोलेने एकच ओतकाम एकाहून अधिक इंजिनांसाठी वापरले आहे. हेड उतरलेलेच आहे, तेव्हा व्हर्नियरने बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) प्रत्यक्ष मोजावेत. ३५० चा मूळ बोअर १०१.६ मिमी आणि स्ट्रोक ८८.४ मिमी असतो. ३२७ या इंजिनाचा बोअर अगदी तेवढाच, पण स्ट्रोक ८२.५५ मिमी. आता गंमत पाहा : ३२७ चा पिस्टन ३५० च्या बोअरमध्ये बिनतक्रार उतरतो, पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिनही त्याच जाडीची असते, मात्र पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची ३९.६ मिमीऐवजी ४२.५ मिमी असल्यामुळे तो वर आला की ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या सुमारे सव्वादोन मिमी बाहेर डोकावतो आणि पहिल्याच फेऱ्यात हेडवर आदळतो. बोअर जुळला म्हणजे पिस्टन जुळला, असे कुणी म्हणू लागले तर हे उदाहरण पुढे करावे.

आपल्या मिस्त्रींच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, परंतु तो अनुभव बहुतांशी लायनरच्या, म्हणजे सिलिंडरची भिंत वेगळ्या नळीची असलेल्या, डिझेल इंजिनांचा असणार. तिथे सिलिंडर खराब झाला की लायनर काढून नवा बसवायचा आणि त्यासोबत मूळ मापाचा पिस्टन घालायचा, एवढे सोपे असते. आपल्या इंजिनात लायनर नाहीत. बोअर ब्लॉकच्या बिडातच कापलेला आहे, आणि तेथून खरवडलेला प्रत्येक थाऊ परत येत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, आडवा आणि उभा असा बोअर गेजने मोजावा. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर ०३० असा आकडा कोरलेला दिसला तर एक बोअरिंग पूर्वीच झालेले आहे, असे समजावे. गंजाचे खड्डे किती खोल आहेत ते डोळ्यांनी कळत नाही. एका सिलिंडरवर चाचणीचा एक काप घेतल्यावरच कळते. खड्डे ०.०३० इंचात, म्हणजे पाऊण मिमीत निघाले, तर चाळीसवर जाण्याचे कारण नाही. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातले गेले असेल तर भिंत पाण्याच्या बाजूनेही झिजलेली असते, म्हणून तिची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने तपासून घ्यावी. आठांपैकी एखादाच सिलिंडर फार खराब असेल तर तेवढ्याच ठिकाणी स्लीव्ह (नळी) ठोकून घ्यावी, त्या एकापायी उरलेले सात पातळ करू नयेत. ही कामे घाटापलीकडे कोल्हापूरला चांगली होतात. कुंभार्ली चढून ब्लॉक तिकडे नेण्याचे कष्ट वाया जाणार नाहीत.

माप ठरले की उंचीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत येथेच होते. बाजारात ३५० साठी पुनर्बांधणीचे म्हणून जे स्वस्त पिस्टन मिळतात, त्यांतील अनेकांची उंची मुद्दाम ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिमी कमी ठेवलेली असते. ब्लॉकचा माथा तासून घेतला तरी पिस्टन वर येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण माथा तासलाच नसेल, तर हाच अर्धा मिमी नडतो. ०.०३० ओव्हरसाइज बोअर, ६४ घनसेंमी कप्प्याचे हेड, साधारण एक मिमीचे गॅस्केट आणि सपाट माथ्याचा, व्हॉल्व्हसाठी सहा घनसेंमीच्या खाचा असलेला पिस्टन धरून हिशेब केला, तर पूर्ण उंचीच्या पिस्टनने कॉम्प्रेशन (मिश्रण जितके पट दाबले जाते तो आकडा) सुमारे ९.६ येते आणि कमी उंचीच्या पिस्टनने ९.२. कॉम्प्रेशन उतरले म्हणजे साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करणार नाही (मिश्रण आपोआप पेटून ठोके देणार नाही), असे वाटणे साहजिक आहे, परंतु पिस्टनचा माथा आणि हेडचा सपाट भाग यांमधील फट १.७ मिमीवरून २.२ मिमीवर जाते. ही फट एक मिमीच्या आसपास असली की दाबलेले मिश्रण जोराने ठिणगीकडे ढकलले जाते आणि ज्वलन लवकर उरकते. ती रुंद झाली की कडेला अडकलेले मिश्रण आपोआप पेटण्याची भीती वाढते. उंच गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, भर उन्हात घाट चढताना नॉकिंगचा आवाज येतो तो येथून. म्हणून कॉम्प्रेशन कमी करायचेच असेल तर पूर्ण उंचीचा, पण माथ्यावर वाटी असलेला पिस्टन घ्यावा. बारा घनसेंमीची वाटी असलेला पिस्टन याच हिशेबात ९.१ च्या जवळ नेतो आणि फट आहे तेवढीच राहते. मात्र आपले हेड ७६ घनसेंमीचे निघाले तर सपाट पिस्टननेही ८.६ च्या आसपासच येईल आणि वाटीचा विचार सोडावा लागेल. तेव्हा हेडचा कप्पा ब्युरेटने रॉकेल भरून मोजा. अर्ध्या तासाचे काम आहे. १९७० मध्ये या इंजिनाचे काही प्रकार १०.२५ कॉम्प्रेशनचे होते, परंतु ते शिसेयुक्त, उच्च ऑक्टेन पेट्रोलसाठी होते आणि १९७१ मध्ये खुद्द जनरल मोटर्सनेच कॉम्प्रेशन उतरवले. ती हौस इथे करू नये.

आता भाच्याच्या फोर्ज्ड पिस्टनविषयी. ते अधिक बळकट असतात यात शंका नाही. परंतु कमी सिलिकॉनचे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर बरेच फुगतात, म्हणून त्यांना भिंतीशी जवळजवळ ०.१ मिमी मोकळीक ठेवावी लागते. ओतीव पिस्टनला निम्म्याच्या आसपास पुरते. परिणामी सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन तापेपर्यंत पिस्टन भिंतीवर आपटल्याचा टकटक आवाज येतो. टर्बो किंवा शर्यतीचा बेत असेल तर तो सोसावा. आपली गाडी आठवड्यातून एकदा चिपळूणपर्यंत जाणार असेल, तर जास्त सिलिकॉनचे, हायपरयुटेक्टिक ओतीव पिस्टन मी निवडीन. ते कमी फुगतात आणि कमी झिजतात. एक पथ्य मात्र पाळावे : त्यांच्या काही प्रकारांत वरच्या रिंगची फट नेहमीपेक्षा जास्त ठेवावी लागते. सोबतच्या कागदातील आकडा न पाहता जुन्या सवयीने रिंगा घातल्या तर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा कडा उडतो.

नवे पिस्टन जुन्यांपेक्षा हलके वा जड असतील तर क्रँक पुन्हा बॅलन्स करावा लागतो, त्यामुळे पिस्टन, पिना, रिंगा आणि रॉड एकत्रच मशिन शॉपला द्यावेत. शेवटचे होनिंग (बोअर घासून अंतिम मापाला आणणे) पिस्टन हातात आल्यावर, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून आणि त्याच्या सिलिंडरचा क्रमांक टाकूनच करायचे असते. मोजणी गणपतीच्या महिनाभर आधी झाली तर भाच्याला माप, उंची आणि वाटीचे घनमान असे तीन आकडे लिहून कळवा व रिंगांचा एक जादा संच मागवा. नाही झाली, तर त्याला फक्त गॅस्केटचा संच आणू द्या.

प्रश्न : माझ्या जुन्या अमेरिकन व्ही-आठ गाडीचा एकच पिस्टन तडकला आहे. तेवढाच बदलता येईल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : त्या सिलिंडरची भिंत ओरखड्याविना असेल, बोअर मापात असेल आणि त्याच उंचीचा, त्याच माथ्याचा पिस्टन मिळत असेल, तर येईल. पिनसकट त्याचे वजन बाकीच्यांशी एक-दोन ग्रॅमच्या आत जुळले पाहिजे. जड असल्यास आतील बाजूने, पिनच्या आधाराला धक्का न लावता, तासून घेता येते. पण तडा रिंगच्या खाचेजवळ असेल तर नॉकिंगचा संशय घ्यावा आणि इग्निशनचे टायमिंग व कार्ब्युरेटरची जेट तपासल्याशिवाय नवा पिस्टन घालू नये. तडा खालच्या स्कर्टला असेल तर बोअर ढिला झाला असण्याची शक्यता आहे, आणि मग उरलेले सातही मोजावे लागतील.