रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड न देता बाकीच्यांना लिनक्स मशीन बंद करू देता येतं का? आमच्याकडे कधी सरळ बंद होतं, कधी पासवर्ड मागतं.

येतं. बहुतेक नव्या लिनक्सवर वेगळं काही करावंही लागत नाही. मशीनसमोर बसलेला माणूस एकटाच लॉगिन असेल तर ते न विचारता बंद होतं. दुसरं कोणी आत असेल, 'स्विच यूजर' करून चहाला गेलेलं किंवा एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरून) आलेलं, तर पोलकिट, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. तुमचं 'कधी' ते हेच. कोण कोण आत आहे ते दाखवणारी 'हू' कमांड आधी चालवून बघा.

एक मात्र करू नका: शटडाउन कमांडला सेटयूआयडी, म्हणजे कोणीही चालवली तरी ती रूटच्या हक्काने चालेल अशी खूण, लावू नका. इंदुरातल्या एका वाचनालयाचे पीसी मी बघतो, तिथे आधीच्या माणसाने तेच करून ठेवलं होतं. "युनिक्सवर असंच करतात," हे त्याचं पालुपद अजून चालू आहे. अहो, सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर शटडाउन हा वेगळा प्रोग्रामच नाही, ती सिस्टमसीटीएल या सिस्टमडीच्या कमांडची सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारं दुसरं नाव आहे. सेटयूआयडी लावणारी सीएचमॉड कमांड लिंक सोडून मूळ फाइलवर लागते, म्हणजे सेटयूआयडी झालं सिस्टमसीटीएल! मग कोणीही स्वतःची सर्व्हिस फाइल लिहावी आणि रूट म्हणून चालवावी. तो फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टमचा दाखला देतो. तिथे शटडाउन सेटयूआयडी असतं खरं, पण तो स्वतंत्र प्रोग्राम आहे आणि ऑपरेटर ग्रुपबाहेरच्याला चालवताच येत नाही. हे अर्धं तो सांगत नाही.

पासवर्ड अजिबात नको असेल तर सुडो, म्हणजे ठरावीक कमांड रूट म्हणून चालवू देणारा प्रोग्राम. एक ग्रुप करा, व्हिसुडोने (सुडोचे नियम लिहायचा एडिटर) सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये नवी फाइल उघडा. फाइलच्या नावात टिंब नको; असलं तर सुडो ती फाइल वाचतच नाही, तक्रारही करत नाही. नियमात ग्रुपच्या नावाआधी टक्क्याचं चिन्ह, पुढे नोपासवर्ड, मग शटडाउनचा पूर्ण पाथ आणि त्यालाच जोडून 'डॅश एच प्लस पाच', म्हणजे पाच मिनिटांनी बंद. नुसता पाथ लिहिलात तर रीबूट करणं, दुसऱ्याने लावलेलं शटडाउन रद्द करणं, सगळंच मोकळं होतं. 'नाऊ'ऐवजी (लगेच बंद करण्याऐवजी) प्लस पाच अशासाठी, की सुडो दुसरं कोणी आत आहे का ते बघत नाही. पाच मिनिटांत टर्मिनलवर सूचना तरी जाते.

मशीनवर डेटाबेस किंवा बाहेरून येणारे लोक असतील तर मात्र यातलं काहीच करू नका.

आणि "सामान्य यूजरला बंद करूच देऊ नये" म्हणणाऱ्यांनी भिंतीवरचं बटण कुठे आहे ते बघावं. पासवर्ड मागितला की लोक तेच दाबतात. त्यापेक्षा त्यांना पीसीचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबायला सांगा, बहुतेक डेस्कटॉपवर नीट बंद होतं नाहीतर निदान विचारतं. चार सेकंद दाबून धरलं तर ते प्लग उपटल्यासारखंच.