झाड आधी थंडी मोजतं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पानांत चार वेळा 'अजून काहीच नाही' आलंय. मार्च अर्धा सरला, बाहेर तोच मळका बर्फ, तीच खराट्यासारखी उभी झाडं. आणि शेवटी मलाच विचारलंयस की तुम्ही इतक्या हवामानांत राहिलात, वसंताची वाट कशी बघायचात?

वाईट बघायचो. पहिली दोन वर्षं नुसती चिडचिड करण्यात गेली. लहानपणी पाहिलेला वसंत डोक्यात घेऊन नव्या जागी गेलो होतो आणि तो दिसेना म्हणून त्या जागेलाच नावं ठेवत होतो. तू आत्ता नेमकं तेच करण्याच्या बेतात आहेस, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

आधी तारखेचा नाद सोड. २० मार्चच्या आसपास दिवस आणि रात्र सारखे होतात, ते सूर्याचं गणित. हवामान खाती आकडेमोडीला बरं पडतं म्हणून उत्तरेत १ मार्चपासून आणि दक्षिण गोलार्धात १ सप्टेंबरपासून वसंत धरतात, ती कारकुनी सोय. झाडाला या दोन्हींशी देणंघेणं नाही. त्यातल्या त्यात स्वीडनच्या हवामान खात्याची रीत मला आवडते. तिथे दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर राहिलं की वसंत आला असं धरतात, आणि त्यातला पहिला दिवस ही त्याची तारीख. म्हणजे आठवडा गेल्यावर कळतं की वसंत गेल्या आठवड्यातच येऊन बसलाय! १५ फेब्रुवारीच्या आधी मात्र कितीही ऊब आली तरी धरत नाहीत. माझा अनुभव असाच आहे. तो येताना दिसत नाही, आल्यावर कळतो.

आता तुझी तक्रार. 'ऊन तर रोज पडतंय, मग पारा का हलत नाही?' उत्तर तुझ्या पायाखाली आहे. ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला शंभरातला ऐंशी भाग तसाच परत पाठवतो. उरलेली ऊब बर्फ वितळवण्यात खर्च होते, आणि तो खर्च थोडाथोडका नसतो. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. एवढी ऊब आत जाते आणि तापमापी जागची हलत नाही. तुला जो ठप्प पडलेला महिना वाटतोय त्यात सगळ्यात जास्त काम चाललेलं असतं. उद्या बाहेर पडशील तेव्हा एखाद्या जाड झाडाच्या बुंध्यापाशी बघ. बर्फात परातीएवढी गोल खळगी पडलेली असेल. काळं खोड ऊन शोषतं आणि ती ऊब आजूबाजूला सोडतं, म्हणून तिथला बर्फ आधी जातो. तुमच्या रस्त्यावरचा वसंत तिथून सुरू होतो.

माझे डोळे उघडले ते एका फांदीने. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंटाळून फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाची एक काडी कापून आणली, कोमट पाण्यात उभी केली आणि घरातल्या उबेत ठेवली. म्हटलं, बाहेर नाही तर नाही, घरात तरी वसंत. महिनाभर पाणी बदलत राहिलो. कळ्या मिटलेल्याच. शेवटी काडी वाळली. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच झुडपाची दुसरी काडी तशीच ठेवली तर पंधरा दिवसांत पिवळीजर्द. झुडूप तेच, खोली तीच, पाणी तेच. मधल्या काळात बाहेर काय घडलं होतं? फक्त थंडी.

थंड प्रदेशातली झाडं आधी थंडी मोजतात. शरदात कळी झोपी जाते आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय कितीही ऊब दिली तरी उठत नाही. नाहीतर डिसेंबरातल्या चार उबदार दिवसांना भुलून फुलली असती आणि जानेवारीत मेली असती. बागायतदार याला थंडीचे तास म्हणतात. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे हजारेक तास लागतात. त्यातही गंमत अशी की हाडं गोठवणारी थंडी या हिशेबात फारशी धरली जात नाही. शून्याच्या वर, साधारण सात अंशांपर्यंतचा जो ओला, उदास, धड ना हिवाळा धड ना पावसाळा असा गारठा असतो, जो तुला सगळ्यात जास्त नकोसा होतो, तोच मुख्यतः मोजला जातो. हे कळल्यापासून तसल्या दिवसांना शिव्या देणं मी बंद केलं.

हा कोटा भरला की मग उबेचा हिशेब सुरू. रोजची थोडी थोडी ऊब साठत जाते आणि ठरावीक बेरीज झाली की कळी फुटते. रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही उबेच्या बेरजेची कल्पना १७३५ मध्ये मांडली आणि शेतीशास्त्रात ती अजून चालते. बदामाला थंडी थोडीच लागते, त्यामुळे भूमध्य समुद्राच्या काठी तो जानेवारी-फेब्रुवारीतच फुलतो. उतावळा गडी. उशिराच्या दहिवराला बळीही बहुतेक वेळा तोच पडतो.

यावरून माझी फजिती सांगतो. एका वर्षी मार्चच्या शेवटी आठ दिवस असं काही ऊन पडलं की मी स्वेटर धुऊन पेटीत टाकले आणि झेंडूची चाळीस रोपं जमिनीत लावली. शेजारचे लोक बघत होते, कुणी काही बोललं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी वारा पडला, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. मला वाटलं, काय सुंदर रात्र! सकाळी सगळी रोपं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी पडून लोळत होती. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते, अडवायला ढगाची गोधडी नसते. सफरचंदाची कळी टोकाला जेमतेम चंदेरी झालेली असते तेव्हा उणे नऊ अंशांच्या आसपासचा गारठाही बहुतांशी सोसते. तीच पूर्ण उमलली की उणे दोनलाच मार बसायला लागतो. जितकं उघडावं तितकं नाजूक व्हावं लागतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या द्राक्षबागांचं हेच झालं. मार्चअखेरच्या उबेने कोंब फुटले आणि पाठोपाठ हिमाने जाळले. रात्रभर वाफ्यांतून शेकोट्या पेटवूनही पुष्कळ ठिकाणी उपयोग झाला नाही. तू रविवारच्या उन्हात कुंड्या बाल्कनीत काढल्याचं मोठ्या आनंदाने लिहिलंयस, म्हणून हे सांगितलं.

पण हा सगळा थंड मुलखाचा हिशेब. तीच फूटपट्टी घेऊन जगभर हिंडू नकोस, मी हिंडलो आणि फसलो.

मोसमी पावसाच्या उष्ण पट्ट्यात तर सगळं उलटं. तिथे झाड थंडी संपायची नव्हे, कोरड सोसायची तयारी करतं. पानं गाळतं. पानांवाटे उडून जाणारं पाणी थांबलं की खोड पुन्हा भरायला लागतं, आणि त्या शिदोरीवर पळस, पांगारा, सावर ऐन रखरखीत नागड्या फांद्यांवर पेटतात. पाठोपाठ चैत्रपालवी येते, पावसाला अजून दोन-अडीच महिने असताना! तिथे वसंत ही सुटकेची वेळ नाही, कडक उन्हाळ्याच्या उंबरठ्यावरची गोष्ट आहे. तिथे वाढलेल्या माणसाला 'वसंत म्हणजे ऊब' हे म्हणूनच मनापासून पटत नाही. आपल्याकडे ऊब कुणाला हवी होती?

वाळवंटात ऊब मुबलक, वाट असते ती पावसाची, आणि तीही वर्षानुवर्षं. दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडमध्ये हिवाळी पाऊस नीट झाला तर ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन फुलांनी झाकून जाते. चिलीच्या अटाकामात तसं काही मोजक्याच वर्षी घडतं. वाळवंटातल्या कित्येक बियांच्या सालीत उगवणं रोखणारी द्रव्यं असतात. एखादी सर येऊन गेली तर ती धुतली जात नाहीत, पुरता पाऊस झाला तरच धुतली जातात. आणि तेव्हाही सगळ्या बिया उगवत नाहीत, काही मातीत राखून राहतात. एकाच पावसावर सगळं पणाला लावायचं नाही, एवढं व्यवहारज्ञान माझ्याकडे तुझ्या वयात नव्हतं.

ध्रुवाकडे गेलं की उजेड आधी येतो आणि ऊब मागाहून. सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि जमिनीवर बर्फ जूनपर्यंत. फुलायला मिळतात जेमतेम काही आठवडे, म्हणून तिथली बरीच झाडं पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. बर्फ सरकला की लगेच फूल. अलास्कात नेनाना इथे १९१७ पासून नदीवरचा बर्फ फुटण्याच्या वेळेवर पैजा लागतात. बर्फावर एक तिकाटणं उभं करतात, ते वाहून गेलं की घड्याळ थांबतं. सर्वांत लवकर फुटला तो २०१९ मध्ये १४ एप्रिलला, सर्वांत उशिरा २०१३ मध्ये २० मे रोजी. एकच नदी, एकच जागा, महिन्याहून जास्त फरक. मला तारीख विचारू नकोस म्हणतो ते यासाठी.

विषुववृत्ताच्या सदाहरित जंगलात तर सामाईक वसंतच नाही. एका झाडाला तांबूस पालवी, शेजारचं ढिम्म. मी तिथे सहा महिने होतो आणि कशाचीच वाट बघायची नाही याचा मला भलता त्रास झाला. हे तुला आत्ता पटणार नाही.

आता काय करायचं ते. एक झाड निवड. दहा नको, एक. त्यातली हाताशी येणारी एक फांदी, तिला लोकरीचा धागा बांध. रोज त्याच वेळेला बघ आणि वहीत एक ओळ लिही. इंग्लंडात नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली, पहिलं फूल, पहिलं पान, पहिली पाकोळी. त्याच्या घराण्याने ते १९५८ पर्यंत चालवलं. जपानमध्ये क्योतोत चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारी रोजनिश्या लिहिणाऱ्यांना काय कल्पना की हवामान तापतंय हे पुढे त्यांच्यावरून मोजलं जाईल? २०२१ मध्ये तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा. फोटो काढू नकोस असं म्हणत नाही, पण फोटो काढला की माणूस बघायचं थांबतो. पेन्सिलीने कळी काढ, वेडीवाकडी चालेल.

आणि अगदीच धीर धरवत नसेल तर डोंगर उतरून खाली जा. हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये ढोबळ नियम मांडला होता की वसंत उत्तरेकडे एक अक्षांश सरकायला चार दिवस घेतो, आणि दर ४०० फूट वर चढायलाही चारच. तो नियम मुख्यतः उत्तर अमेरिकेसाठी, आणि समुद्र, मोठी सरोवरं जवळ असली की बिघडतो, कारण पाणी तापायला वेळ घेतं आणि काठालाही थंड ठेवतं. तरी तीनशे मीटर उतरलं की साधारण दहा दिवस पुढचा वसंत भेटतो. मी पूर्वी शनिवारी असा उतरायचो, बघायचो, आणि परत चढून आपल्या हिवाळ्यात यायचो. मग आठ-दहा दिवसांनी तेच फूल दाराशी दुसऱ्यांदा.

पुढच्या पत्रात 'काहीच नाही' लिहायचंच असेल तर निदान फांदी कुठली, कळीवरचे खवले अजून घट्ट आहेत की कडेने सुटायला लागलेत, टोकाचा तपकिरी रंग फिका पडलाय का, एवढं लिही. आणि संध्याकाळी वारा पडून आभाळ स्वच्छ झालं तर त्या कुंड्या आत घे.

तुझा,
काका