उबुंटू अपग्रेड केल्यापासून लॅपटॉप मध्येच हँग होतो. फॉरमॅट मारावा का?

नाही. फॉरमॅट मारायला सांगणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

२०१६ साली माझ्या सेलेरॉन एन२८४० (इंटेलचा प्रोसेसर) च्या लॅपटॉपवर उबुंटू १४.०४ हे लिनक्स झकास चालत होतं. १६.०४ वर गेलो, कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर चालवणारा) ३.१३ चा ४.४ झाला आणि मशीन अडकायला लागलं. गाणं चालू असेल तर शेवटचा सूर र्‌र्‌र्‌ करत तिथेच. माउस हलेना, कॅप्सलॉकचा दिवा बदलेना. थोरल्या भावाने (हा हार्डवेअरवाला, म्हणजे स्वतःच्या मते) फोनवरूनच निदान केलं, "रॅम गेली." रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवला, एकही एरर नाही. तरी त्याच्या हट्टापायी नवी रॅम घेतली. दुसऱ्याच दिवशी परत हँग. मग म्हणे, "लिनक्स टाकलंस ना, भोग!"

शेवटी ग्रबच्या मेनूत (मशीन सुरू होताना कर्नल निवडायची यादी) पडून असलेल्या ३.१३ वर बूट केलं. चार दिवस हूं नाही की चूं नाही. रॅम खराब असती तर तिने कर्नलचा नंबर बघून त्रास दिला असता का?

काम नसलं की प्रोसेसर टप्प्याटप्प्याने झोपतो, ते सी-स्टेट. बे ट्रेल पिढीतले प्रोसेसर (माझा एन२८४० त्यातलाच) नव्या कर्नलवर गाढ झोपले की कधीकधी उठायचेच नाहीत. मेमटेस्ट त्यांना झोपूच देत नाही, मग सापडणार काय? लॉगही (मशीनची नोंदवही) कोरा, लिहायला कुणी जागं नको? ग्रबमधल्या कर्नलच्या बूट ओळीत 'intel_idle.max_cstate=1' (गाढ झोपू नकोस, असा हुकूम) जोडलं आणि हँग होणं थांबलं. बॅटरी लवकर उतरते, तेवढं सोसलं.

तुम्ही प्रोसेसर कोणता ते लिहिलंच नाहीत. आधी जुन्या कर्नलवर दोनतीन दिवस काढा. तिथे ठीक चाललं तर हार्डवेअरवर पैसे घालू नका. हँग झाल्यावर दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) लागतं का बघा. लागलं तर कर्नल जिवंत आहे, संशय ग्राफिक्सवर घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बिल्ड झालंय का तेही तपासा. आणि हो, जुन्या कर्नलवरही अडकलं तर माझी ही सगळी कथा तुमच्या कामाची नाही. मग तापमान, डिस्क आणि (दादाने हे वाचू नये) रॅमसुद्धा बघा. बॅकअप मात्र आजच घ्या.

काढलेली २ जीबीची रॅम अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दिवाळीला आला की दादा अजूनही विचारतो, "पण रॅम बदलल्यावरच बरा झाला ना?"

नाही, दादा.