कांद्याचा प्रश्न नेमका कुणाला विचारायचा? खासदार, संसद आणि आपली कामं : वाचकांची प्रश्नोत्तरे

अधिवेशन जवळ आलं की माझ्याकडं एकाच छापाचे मेसेज यायला लागतात, आमचे खासदार बोलतात पण होत काही नाही, किंवा आमचे खासदार बोलतच नाहीत. काही वर्षं मी ग्रामीण मतदारसंघातल्या एका खासदारांना संसदेचे प्रश्न लिहून द्यायचं काम केलंय, त्यामुळं आतला मामला थोडाफार माहितीय. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी जमतील तेवढे घेतो.

आमचे खासदार कांद्यावर लोकसभेत दोन मिनिटं तडाखेबंद बोलले, व्हिडिओ गावभर फिरला, पण पुढं काहीच नाही. असं कसं?

बहुतेक ते शून्य प्रहरात, म्हणजे नोटिशीशिवाय तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, बोलले असणार. मागून "संपवा, संपवा" ऐकू येत असेल आणि शेवटी माइक बंद झाला असेल तर नक्कीच तेच. शून्य प्रहरात मंत्र्यावर उत्तर द्यायचं बंधनच नसतं, कधी कधी तर ज्या खात्याबद्दल बोलायचं त्याचे मंत्री समोर बसलेलेसुद्धा नसतात. आता तो प्रकार अगदीच बिनकामाचा असं मी म्हणणार नाही, पेपरात येतं, खात्यातल्या लोकांच्या कानावर जातं, पण लेखी हातात काही पडत नाही.

त्यापेक्षा लोकसभेचा नियम 377 बघा. यात 250 शब्दांच्या आत मुद्दा लिहून द्यायचा, दिवसाला 20 सदस्यांपर्यंत घेतात, पुष्कळदा तो वाचलाही जात नाही, नुसता पटलावर ठेवतात. म्हणजे व्हिडिओ शून्य. पण नंतर मंत्रालयाकडून खासदारांच्या नावानं उत्तराचं पत्र येतं, आणि ते पत्र घेऊन तुम्ही पुढं भांडू शकता. पुढच्या वेळी खासदारांकडं व्हिडिओ नको, ते पत्र मागा.

कृषिमंत्र्यांना कांदा निर्यातीबद्दल प्रश्न टाकला होता, तो दुसऱ्याच खात्याकडं गेला म्हणे. टोलवाटोलवी का?

नाही हो, टोलवाटोलवी नाही, इथंच तर निम्मे लोक चुकतात. कांदा शेतात आहे तोपर्यंत तो कृषी मंत्रालयाचा. तो बंदरावर गेला की निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य हे वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालय) काम, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं, आणि बफर स्टॉकसाठी, म्हणजे भाव आवरायला ठेवलेल्या सरकारी साठ्यासाठी, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून जी खरेदी होते ती ग्राहक व्यवहार खात्याची. बाजार समिती तर राज्याची, ती संसदेत विचारून उपयोगच नाही.

2023 ते 2025 ही वर्षं आठवा. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलर किमान मूल्य आलं, डिसेंबरात सरळ बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरात किमान मूल्य काढलं आणि शुल्क 20 वर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क गेलं. या सगळ्या उड्या वेगवेगळ्या खात्यांच्या सह्यांनी झाल्यात. "कांद्याचं काय करताय" असं मोघम विचारलं की प्रत्येक खातं आपल्यापुरतं चार ओळी लिहून मोकळं होतं, आणि त्या चार ओळींत खोटं काही नसतं, हीच गंमत. शिवाय प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे वार ठरलेले असतात, प्रश्न भलत्या खात्याला टाकलात तर तो फिरून यायला जो वेळ जातो त्यात अधिवेशन संपतं.

आमच्या शेतकरी गटानं खासदारांना प्रश्न लिहून दिला होता, सचिवालयानं नाकारला. सोबत प्रत पाठवतोय, काय चुकलं?

प्रत वाचली. तुम्ही लिहिलंय, "सरकार शेतकऱ्याच्या जिवावर उठलं आहे हे खरं आहे काय, आणि कांदा उत्पादकाला न्याय कधी मिळणार?" भावना शंभर टक्के पटली, पण लोकसभेच्या नियमात स्पष्ट आहे की प्रश्नात वाद घालायचा नाही, अनुमान काढायचं नाही, उपरोध आणि विशेषणं नकोत, आणि साधारण 150 शब्दांच्या वर जायचं नाही. तुमचा प्रश्न पहिल्या ओळीतच बाद.

मी तोच असा लिहिला असता, ग्राहक व्यवहार खात्याला : (क) गेल्या तीन वर्षांत नाफेड आणि एनसीसीएफनं बफर स्टॉकसाठी नाशिक जिल्ह्यातून किती कांदा घेतला, महिनावार आणि सरासरी दरासह, (ख) त्यातला किती थेट शेतकऱ्याकडून आणि किती संस्थांमार्फत, (ग) पैसे किती दिवसांत खात्यावर गेले, (घ) साठवणुकीत किती टक्के खराब झाला. दिसायला अगदी थंड आहे, मान्य. पण याला "होय, सरकार कटिबद्ध आहे" म्हणून सुटता येत नाही, आकडे द्यावेच लागतात. आणि (ख) चा आकडा एकदा आला की तुमच्या गटाला जे सिद्ध करायचंय ते आपोआप होतं.

अजून एक, प्रश्नाच्या शेवटी "यदि हां, तो तत्संबंधी ब्यौरा क्या है" हे ठेवणीतलं वाक्य असतं, ते विसरू नका. नाहीतर उत्तर नुसतं "जी हां" येतं. आमच्या बाबतीत एकदा झालंय, हसावं की रडावं कळेना.

नोटीस 15 दिवस आधी लागते. एका दिवसात तारांकित प्रश्न 20 आणि अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे, 230, नंबर बॅलटनं म्हणजे सोडतीनं. तारांकितचं आकर्षण सगळ्यांनाच, कारण तोंडी उत्तर आणि पूरक प्रश्न, पण यादीत खाली नंबर लागला तर पाळीच येत नाही आणि उत्तर लेखीच मिळतं. आकडे काढायचे असतील तर अतारांकितच बरा.

सोयाबीनच्या पीकविम्याचे पैसे अडकलेत. खासदार म्हणतात राज्याचा विषय, आमदार म्हणतात केंद्राची योजना. खरं कोण?

दोघंही खरं आणि दोघंही अर्धवट. शेती घटनेनं राज्याच्या यादीत आहे, म्हणून संसदेतली बरीच उत्तरं "कृषी हा राज्याचा विषय असल्याने" इथूनच सुरू होतात. पण पंतप्रधान पीक विमा योजना 2016 ची केंद्राची आहे. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना 5 टक्क्यांपर्यंत, आणि वरच्या अनुदानाचा भार केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. कंपनी निवडायची, पिकं आणि महसूल मंडळं अधिसूचित करायची, उत्पादन मोजायला पीक कापणी प्रयोग घ्यायचे हे राज्याकडं. त्यामुळं खासदारांना सांगा की "पैसे कधी देणार" विचारू नका, असं विचारा की अमुक हंगामाचा राज्याचा हिस्सा कंपनीला कोणत्या तारखेला पोचला, केंद्राचा कधी, आणि तुमच्या जिल्ह्यातले किती दावे मंजूर होऊन वाटायचे राहिलेत. गाडं कुठल्या टेबलावर अडलंय ते तारखा लगेच दाखवतात. मग आमदारांकडं जायचं की खासदारांकडं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

माझं शेती अवजारांचं छोटं वर्कशॉप आहे, रोटाव्हेटरचे पार्ट, पेरणी यंत्र वगैरे. जीएसटी कमी झाला म्हणून सगळे खूश, माझं मात्र भांडवल अडकलंय. हे संसदेत मांडता येईल का?

येईल, आणि मांडायलाच पाहिजे, कारण शेतीच्या नावाखाली या धंद्याचं कुणी बोलतच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शेती यंत्रांवरचा कर 12 वरून 5 वर आला, गिऱ्हाइकाला चांगलंच झालं. पण तुम्ही लोखंड घेता 18 टक्क्यांनी आणि माल विकता 5 नं, मधला फरक इनपुट क्रेडिटमध्ये (खरेदीवर भरलेल्या कराची जमा) साचत जातो आणि रिफंड मागत बसावं लागतं. दर कमी करा म्हणून खासदारांना लोकसभेत बोलायला लावलं तर उत्तर ठरलेलं, दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीनं ठरतात, आणि परिषदेत राज्यंही आहेत. त्याऐवजी अर्थ मंत्रालयाला विचारायला लावा की तुमच्या आयुक्तालयात अशा उलट्या करामुळं झालेल्या रिफंडचे किती अर्ज पडून आहेत आणि सरासरी किती दिवस लागतात. आधी तुमच्यासारख्या आठ-दहा वर्कशॉपवाल्यांचे अर्जांचे नंबर आणि तारखा एका कागदावर गोळा करा, खासदारांच्या पीएला तो कागद फार आवडतो.

मराठीत बोलता येतं का?

येतं, भाषांतराची सोय आहे.

आमचे खासदार हमीभावाचं खासगी विधेयक आणणार म्हणतात. आशा ठेवायची?

चर्चेची ठेवा, कायद्याची नको. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं. 2018 मध्ये राजू शेट्टींनी कर्जमुक्ती आणि हमीभावावर दोन खासगी विधेयकं लोकसभेत मांडली होती, देशभर त्यावर बोललं गेलं, कायदा झाला नाही. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त 14 विधेयकं मंजूर झालीत आणि शेवटचं 1970 साली. शुक्रवारी दुपारचे दोन-अडीच तास या कामाला मिळतात, आणि त्या वेळेला बरेच जण स्टेशनच्या नाहीतर विमानतळाच्या वाटेवर असतात.

खासदार भेटतच नाहीत. दुसरा मार्ग?

राज्यसभेच्या सदस्याकडं जा, महाराष्ट्राचे 19 आहेत, तिथंही प्रश्न विचारता येतात आणि मतदारसंघाची भिंत नाही. दुसरं म्हणजे जिल्ह्याची दिशा समिती, तिचे अध्यक्ष खासदारच असतात, केंद्राच्या योजनांचा आढावा तिथं होतो आणि कलेक्टरपासून बँकेपर्यंत सगळे समोर बसलेले असतात. तीन महिन्यांनी एक बैठक अपेक्षित आहे. तुमच्या जिल्ह्यात शेवटची कधी झाली ते विचारून बघा, उत्तर देताना माणसं जरा चाचरतात.

मंत्र्यांनी सभागृहात "तपासून घेऊ" असं सांगितलं होतं. त्याचा काही पाठपुरावा असतो का?

असतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. "माहिती गोळा करत आहोत", "विचाराधीन आहे", अशी काही ठराविक वाक्यं आश्वासन म्हणून नोंदवली जातात, ती तीन महिन्यांत पुरी करायची असतात आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासन समिती आहे. तुमच्या उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक लोकसभेच्या वेबसाइटवर खासदारांच्या नावानं शोधला की सापडेल. तो क्रमांक टाकून खासदारांना एक पानाचं पत्र द्या, की हे आश्वासन समितीकडं नोंदलंय का ते कळवावं. पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.