20 पैकी 6 पडले, तर आधी तो पेपर बघायला मागा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्या-दुसऱ्या नंबरात, सहावीला तालुक्याच्या हायस्कूलला सेमीच्या तुकडीत (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून), आणि गणिताच्या चाचणीत 20 पैकी जुलैत 8, ऑगस्टमध्ये 6, सप्टेंबरात परत 6. विचारलं तर "येतं मला" म्हणते आणि गप्प होते. आता क्लास लावू की सेमी काढून मराठीच्या तुकडीत टाकू, असं तुम्ही विचारलंय.

2018-19 साली आमच्या घरात हेच चाललं होतं. मुलगा सहावीत, शाळा अशीच तालुक्याची, आकडेही जवळपास हेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी शिक्षिका नाही, पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. एका मुलाच्या अनुभवावरून बोलतेय, तेव्हा तुमच्या मुलीला लागू पडेल तेवढंच घ्या. रोज अभ्यासाला बसवणं, मोबाईल बाजूला ठेवणं वगैरे तुम्ही करतच असाल, त्यावर लिहीत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक अशी, की तीन महिने मी फक्त आकडा बघितला. पेपर बघितलाच नाही.

पहिल्या चाचणीनंतर मी शाळेत गेले होते. वर्गशिक्षकांचा तास चालू होता म्हणून कार्यालयात विचारलं, मुलाचा गणिताचा पेपर बघायला मिळेल का? तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "चाचणीचे पेपर पालकांना देत नाही, तपासणीला लागतात. गुण कळलेत ना?" मी बरं म्हणून परत आले. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले, तेच उत्तर. त्यातल्या एकाही वेळी मी मधल्या सुट्टीपर्यंत थांबून गणिताच्या सरांना भेटले नाही. अर्धा दिवस रजा टाकून गेलेलं माणूस आणखी चाळीस मिनिटं थांबू शकलं असतं. त्या चाळीस मिनिटांपायी मुलाचं पहिलं सत्र गेलं. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

मग मी काय केलं? क्लास लावला, संध्याकाळी दीड तास. त्यासाठी त्याचा खो-खो बंद केला. शाळा सुटली की मैदानावर थांबायचा, सहाच्या एसटीने यायचा. ते बंद करून चारच्या गाडीने यायला लावलं. क्लासमध्येही गणितं सेमीच्याच पुस्तकातली, त्याच भाषेत, फक्त दुप्पट. मुलगा आणखी गप्प झाला. सप्टेंबरच्या चाचणीत 5 पडले.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली, तेव्हा सरांनी स्वतःहून पेपरांचा गठ्ठा काढला आणि त्याचे तिन्ही पेपर माझ्यासमोर ठेवले. कुणी अडवलं नाही, कुठला नियम आडवा आला नाही. दोन मिनिटांत मला कळलं, कारण आकडेमोड बघणं हे माझं रोजचं काम आहे. नुसते आकडे आणि चिन्हं असलेलं प्रत्येक उदाहरण बरोबर होतं. अपूर्णांकांची बेरीज, दशांशांचा गुणाकार, सगळं. शब्दांतली उदाहरणं एक तर कोरी होती, नाहीतर भलतीच सोडवलेली.

एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. 24 आणि 36 या दोन्हींना जिने पूर्ण भाग जातो ती 'ग्रेटेस्ट नंबर' शोधा, असा प्रश्न होता. त्याने लिहिलं होतं 36. सरांनी लाल शाईने फुली मारली होती. दोघांतली मोठी संख्या कोणती असंच विचारलंय, असं त्याला वाटलं. मी तिथेच त्याला विचारलं, "24 आणि 36 चा मसावि किती?" तो लगेच म्हणाला, "12."

दुसरं त्याहून वाईट. 'सबट्रॅक्ट 15 फ्रॉम 40' असं होतं. मराठीत आपण '40 मधून 15 वजा करा' म्हणतो, म्हणजे 40 आधी येतात. इंग्रजीत 15 आधी येतात. त्याने ज्या क्रमाने आकडे दिसले त्याच क्रमाने मांडले, 15 वजा 40, आणि उत्तर काढलं उणे 25. पाचवीत असतं तर लहानातून मोठं कसं जाईल म्हणून तो अडखळला असता. पण सहावीत तेव्हा पूर्णांक संख्या शिकून झाल्या होत्या, उणे उत्तर येऊ शकतं हे त्याला माहीत होतं. त्यामुळे आपलं चुकतंय अशी शंका त्याला येणारच नव्हती. "येतं मला" हे तो खरंच सांगत होता, ताई. त्याला गणित येत होतं. प्रश्न कळत नव्हता, आणि प्रश्न कळत नाही हेही त्याला कळत नव्हतं. तुमची मुलगी "येतं मला" म्हणते असं तुम्ही लिहिलंय, ते वाचूनच मी लिहायला बसले.

प्रगतिपत्रकावर हे दिसेल या भरवशावर राहू नका. सहावीला आकारिक (सत्रभरातल्या कामाचे) 50 आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे) 50 गुण धरतात. आकारिकमध्ये तोंडीकाम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, वर्गकार्य असं बरंच काही येतं, चाचणी हा त्यातला एक भाग. आमच्याकडे वह्या नीटनेटक्या, प्रकल्प वेळेवर, म्हणून आकारिकला 38 आले. संकलितला 23. बेरीज 61, श्रेणी ब-2. वर्णनात्मक नोंदीत लिहिलं होतं, "नियमित गृहपाठ करतो, शांत व शिस्तप्रिय." ती शांतता कशामुळे आली होती हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. या पद्धतीच्या मी विरुद्ध नाही, एका परीक्षेवर मुलाला तोलण्यापेक्षा ती कितीतरी बरी आहे. पण माध्यम बदललेल्या मुलाची अडचण तिच्यात झाकली जाते, हा माझा अनुभव.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. या दोन्हींतलं काहीही ठरवायच्या आधी तिन्ही चाचण्यांचे पेपर बघा. कार्यालयात विचारूच नका, थेट गणिताच्या शिक्षकांना किंवा वर्गशिक्षकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांच्या कर्तव्यांत हे आहे, की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती याची माहिती द्यायची. पेपर दाखवा असं त्यात शब्दशः नाही, पण प्रगती कशी आहे हे विचारायचा तुमचा हक्क पक्का आहे. कायदा तोंडावर फेकू नका, त्याने नातं बिघडतं. "सर, ती नेमकी कुठं अडकते ते मला बघायचंय" एवढं म्हणालात तर बहुतेक शिक्षक पेपर काढून देतात. आमचे सर चांगले होते. एका तुकडीत साठाच्या वर मुलं असली तर कोऱ्या जागेमागचं कारण त्यांना तरी कसं कळणार?

पेपर हातात आला की गुण बघू नका. कोणतं उदाहरण कोरं सोडलंय, कोणतं चुकलंय आणि कोणतं बरोबर आलंय, ते वेगळं काढा. नुसत्या आकड्यांचीही चुकत असतील तर तिचा पाया कुठेतरी कच्चा राहिलाय, मग माझं पुढचं सगळं सोडून द्या आणि पाचवीचे अपूर्णांक, भागाकार पुन्हा घ्या. फक्त शब्दांतली चुकत असतील तर अडचण भाषेची आहे. तिथे क्लास लावून उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत. लावायचाच असेल तर मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देणारा माणूस शोधा.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका फुकटच्या गोष्टीचा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून सहावीचं मराठी माध्यमाचं गणित मोफत उतरवून घेता येतं. सेमीच्या पुस्तकात जो 'प्रॅक्टिस सेट' असतो, तोच मराठीत त्याच क्रमांकाने 'सरावसंच' म्हणून असतो, उदाहरणंही तीच. दोन्ही शेजारी ठेवायची. आधी इंग्रजीतून वाचायचं, काय विचारलंय ते मराठीत तोंडाने सांगायचं, मग मराठी पुस्तकात बघून पडताळायचं, आणि त्यानंतरच पेन्सिल उचलायची. आम्ही रोज चारच उदाहरणं घेत होतो. त्याच वेळी एक वही केली, पानाला तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि त्याने स्वतः तयार केलेलं उदाहरण. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब, एलसीएम म्हणजे लसावि. तिसरा रकाना सोडू नका. नुसते अर्थ पाठ केले तर चार दिवसांत जातात.

संख्यांची नावंही तपासा. आमचा मुलगा सत्तावन्न लगेच लिहायचा, पण सरांनी 'फिफ्टी सेव्हन' म्हटलं की क्षणभर थांबायचा. सत्तावन्न म्हणताना सात आधी, पन्नास नंतर. इंग्रजीत उलटं. सर फळ्यावर न लिहिता तोंडी उदाहरण सांगत, तेव्हा त्या क्षणभरात पुढचा आकडा निघून जायचा. रोज जेवताना दहा संख्या इंग्रजीत म्हणायचा खेळ केला, महिनाभरात हे सुटलं.

विज्ञानाचं पुस्तकही उघडा. दिवाळीनंतर गतीचा धडा आला, तेव्हा 'बॉडी ॲट रेस्ट' म्हणजे माणसाचं शरीर आराम करतंय असं त्याने धरलं होतं. वस्तू स्थिर आहे, हे त्या दोन शब्दांतून त्याला कुठून कळणार?

क्लास आम्ही दिवाळीनंतर बंद केला आणि खो-खो परत सुरू केला. माझ्या मते पहिला फरक खो-खोने पडला. मैदानावर तुकडीतली मुलं भेटायची, त्यांच्याशी बोलता बोलता तो वर्गातही बोलायला लागला, सरांना शंका विचारायला लागला. गाव सोडून तालुक्याच्या शाळेत गेलेल्या मुलाला तिथे आपलं माणूस लागतं. तुमच्या मुलीचं गाणं असो, कबड्डी असो, परिपाठात बातम्या वाचणं असो, जे काही चालू असेल ते अभ्यासापायी तोडू नका. जानेवारीच्या चाचणीत त्याला 9 पडले, फेब्रुवारीत 13. फार मोठी उडी नव्हती, पण कोरी जागा एकही नव्हती.

सेमी काढावी का, यावर लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. मी सेमीच्या विरोधात नाही. पाच वर्षं मराठीतून गणित शिकलेल्या मुलाला जूनमध्ये एका दिवसात भाषा बदलायला लावायची आणि मधे काहीच आधार द्यायचा नाही, याच्या मी विरोधात आहे. करोनाच्या काळात 2021 मध्ये राज्यात 45 दिवसांचा सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी) करून घेतला होता. मग माध्यम बदलणाऱ्या मुलांसाठी जूनमध्ये 15 दिवस नुसत्या शब्दांचा सेतू का करता येत नाही? गावोगावची किती मुलं या एका कारणाने "गणितात कच्ची" ठरली असतील, याचा विचार केला की जीव तुटतो.

तरी वर्षाच्या मध्ये तुकडी बदलू नका, असं मला वाटतं. आत्ता काढली तर मला जमलं नाही एवढंच तिच्या मनात राहील. फेब्रुवारीपर्यंत वरचं करून बघा. तेव्हाही ती शाळेत जायला रडत असेल, जेवत-झोपत नसेल, तर सातवीला मराठीच्या तुकडीत घाला आणि त्यात कमीपणा मानू नका. घरात सासू-सासरे, शेजारी बोलतील, आमच्याकडेही बोलले. "सहावी-सातवीत कुणाला नापास करत नाहीत, आपोआप सुधारेल" असंही कुणी सांगेल, त्यावर विसंबू नका. 2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण झालं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. दोन वर्षं हाताशी आहेत, पण दोनच.

जाता जाता: मुलगी एसटीने जात असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत तिचा पास मोफत निघतो. तुम्ही महिन्याच्या खर्चात पासाचे पैसे धरलेले दिसले म्हणून सांगितलं. शाळेत किंवा आगारात चौकशी करा.

आधी पेपर बघून या, आणि कोरी सोडलेली उदाहरणं इथे जशीच्या तशी उतरवून टाका. रात्री नऊनंतर मी असते, आपण एकेक करून बघू.